हुद्दा असतो, हुकूम नसतो: गणित शिकवणारे फादर आणि जळतं जहाज

प्रश्न असा आलाय की कॅथलिक फादर, कॉलेजात गणित शिकवणारा प्रोफेसर आणि नेव्हीतला अधिकारी हे तिन्ही एकच माणूस कसा काय असू शकतो, शस्त्र हातात न घेणारा माणूस लढाईत करतो तरी काय, आणि अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक अशा माणसाला कशाबद्दल दिलं. ज्यांचा फोटो बघून हा प्रश्न पडलाय ते म्हणजे फादर जोसेफ ओ'कॅलहन, आणि तो फोटो म्हणजे जहाजाच्या डेकवर पडलेल्या एका जखमी नाविकाजवळ हेल्मेट घातलेले फादर वाकलेत तो. फोटोकडे नंतर येतो, कारण त्याच्यात एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीत नसते.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी स्वतः धर्मगुरू आहे, २६ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यानंतर बरीच वर्षं हॉस्पिटलचा चॅपलेन, म्हणजे एखाद्या संस्थेत नाहीतर सैन्यात नेमलेला धर्मगुरू, म्हणून काढली. लष्करात कधी नव्हतो, त्यामुळे तोफा-बॉम्बबद्दल मी शहाणपण सांगणार नाही. पण वर्ग, वेदी आणि मरणाऱ्याची खाट या तिन्ही गोष्टी हातातून गेल्यात आणि माझं मत असं झालंय की ओ'कॅलहन जहाजावर जे करू शकले ते ते मास्तर होते म्हणून. लोक त्यांना हिरो म्हणून मोकळे होतात आणि मास्तरकीचा भाग एका ओळीत उरकतात, तिथेच सगळी गडबड होते.

फादर म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणणारा, लग्न लावणारा, मयताला येणारा, एवढंच डोक्यात असेल तर गणिताचं कोडं सुटणार नाही. ओ'कॅलहन येशूसंघ नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचे, म्हणजे जेझुइट. या संघाचं मुख्य कामच गेली चारशे-साडेचारशे वर्षं शाळा-कॉलेजं चालवणं हे आहे. जन्म १४ मे १९०५, बॉस्टनमध्ये. १९२२ ला हायस्कूल संपलं आणि त्याच वर्षी, म्हणजे सतरा वर्षांचे असताना, संघात दाखल झाले. गुरुदीक्षा झाली १९३४ ला. मधे बारा वर्षं गेली आणि ती नुसती प्रार्थनेत गेली असं समजू नका. पहिली दोन वर्षं नोविशिएट, म्हणजे उमेदवारी, तिथे फरशी पुसण्यापासून सगळं, मग भाषा-साहित्य, मग तत्त्वज्ञान, आणि मग रीजन्सी नावाचा एक टप्पा. रीजन्सीत दीक्षा व्हायच्या आधीच या तरुण पोराला शाळेत नाहीतर कॉलेजात शिकवायला पाठवून देतात. कारण उघड आहे, पुस्तकातलं तत्त्वज्ञान किती मुरलंय ते परीक्षेत कळतं, पण माणसं सांभाळता येतात की नाही ते वर्गात उभं केल्यावरच कळतं. ओ'कॅलहननी हे बॉस्टन कॉलेजात केलं. पुढे दीक्षेनंतरही तिथेच गणित, फिजिक्स, तत्त्वज्ञान असं शिकवत राहिले, १९३७ नंतर वर्षभर सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, तत्त्वज्ञान, आणि १९३८ पासून मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टरच्या होली क्रॉस कॉलेजात गणित विभागाचे प्रमुख. म्हणजे बघा, नेव्हीत जाईपर्यंत माणसाच्या हाताला खडूची सवय इतकी की दुसरं काही सुचू नये.

७ ऑगस्ट १९४० ला ते नौदलाच्या राखीव दलात चॅपलेन म्हणून रुजू झाले. तारीख नीट बघा, पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला व्हायला अजून सव्वा वर्ष होतं, अमेरिका युद्धात नव्हतीच. वय ३५, डोळ्यावर चष्मा, ब्लड प्रेशरचा त्रास, आणि बंद जागेत जीव घुसमटायचा. बंद जागेची भीती असलेल्या माणसाने जहाजावरची नोकरी घ्यावी यावर मी एकदा मनसोक्त हसलो होतो, पण पुढे काय झालं ते वाचल्यावर हसू राहिलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी कारण विचारणाऱ्याने "फादरने नोकरी बदलली का" असं लिहिलंय. नाही बदलली. फादर स्वतःच्या मर्जीने सैन्यात भरती होऊ शकत नाही. जेझुइट असेल तर त्याच्या प्रांताचा वरिष्ठ, धर्मप्रांताचा असेल तर त्याचा बिशप, यांनी सोडलं पाहिजे. त्याशिवाय सैनिकांच्या धार्मिक सेवेसाठी जी वेगळी व्यवस्था असते तिची मान्यता लागते. त्या काळात अमेरिकेत हे काम न्यूयॉर्कचे आर्चबिशप स्पेलमन बघायचे, आता तिथे सैन्यासाठी अख्खा स्वतंत्र आर्चडायोसिस, म्हणजे महाधर्मप्रांत, आहे आणि जगभरच्या अशा सगळ्या व्यवस्थांचे नियम पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ ला नव्याने घालून दिलेत. थोडक्यात चॅपलेनचे दोन साहेब असतात, एक गणवेषवाला आणि एक क्रूसवाला, आणि क्रूसवाल्याने मान्यता काढून घेतली तर गणवेष कितीही इस्त्रीचा असला तरी उपयोग नाही.

आता हुद्द्याचं बघू. चॅपलेनला रँक मिळते, पगार मिळतो, लोक सॅल्यूट मारतात. ओ'कॅलहन १९४५ मध्ये लेफ्टनंट कमांडर होते, म्हणजे जहाजावर बऱ्यापैकी वरचा माणूस. पण चॅपलेनला कमांड नसते. तो तुकडीचं नेतृत्व करत नाही, लढाईचा आदेश देत नाही. हुद्दा आहे पण हुकूम नाही. सैन्यासारख्या ठिकाणी, जिथे सगळं हुकमावर चालतं, तिथे हुकूम न देऊ शकणारा अधिकारी म्हणजे जरा अवघडच प्रकार. मग त्याचं ऐकतात का लोक? ऐकतात, पण कशामुळे ऐकतात हे मास्तराला विचारा. छडी बंद झाल्यानंतर ज्यांनी साठ-साठ पोरांचे वर्ग चालवलेत त्यांना हे बरोब्बर कळेल.

आणि बंदूक? अमेरिकन चॅपलेन शस्त्र बाळगत नाही. जिनिव्हा कराराने चॅपलेनला डॉक्टर-नर्सांच्या रांगेत बसवलंय, त्याच्यावर मुद्दाम हल्ला करायचा नाही, आणि शत्रूच्या हातात सापडला तरी तो युद्धकैदी धरला जात नाही, आपल्या माणसांची सेवा करता यावी एवढ्यापुरताच त्याला ठेवून घेता येतं. कागदावर हे छान आहे. बॉम्बला मात्र करार वाचता येत नाही.

रोजचं काम म्हणाल तर ते फार रोमांचक वगैरे नसतं. ओ'कॅलहन आधी रेंजर या विमानवाहू जहाजावर होते, १९४२ ला उत्तर आफ्रिकेची मोहीम, १९४३ ला नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा हल्ला, हे सगळं तिथून झालं. अशा जहाजावर चॅपलेनचा दिवस म्हणजे मिस्सा, कन्फेशन (पापांची कबुली ऐकणं), आजारी माणसांची चौकशी, आणि खूप सारं ऐकणं. घरून पत्र नाही आलं, बायको बोलत नाही, बाप वारलाय आणि सुट्टी मिळत नाही. तेव्हाचे नियमही आजच्यापेक्षा कडक होते. मिस्सा लॅटिनमध्ये. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात अन्न सोडा, पाणीही जाता कामा नये. आता रात्रभर पहारा करून आलेल्या पोराला सांगा की सकाळपर्यंत पाणी पिऊ नको! म्हणून युद्धाच्या काळात सैनिकांसाठी रोमने सवलती दिल्या, उपवासाचे तास कमी केले, दुपारनंतर मिस्सा करायला परवानगी दिली, जी एरवी नव्हती. नंतर सगळ्या चर्चलाच संध्याकाळची मिस्सा मिळाली, तर आपण रविवारी संध्याकाळी आरामात चर्चला जातो त्याची वाट काही अंशी या चॅपलेन लोकांनी करून दिलीय असं म्हणायला हरकत नाही.

कन्फेशनबद्दल एक वेगळा मुद्दा, कारण हा प्रश्न मला नेहमी येतो. समजा एखाद्या खलाशाने कन्फेशनमध्ये सांगितलं की मी पळून जायच्या विचारात आहे, तर फादर कॅप्टनला सांगणार का? नाही. कुणालाच नाही सांगणार, कोर्टमार्शल झालं तरी नाही. ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधून आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे, कुणी खटला चालवायचीही गरज नाही. कॅप्टनने विचारलं की पोरांचं मनोधैर्य कसं आहे, तर "थकलेत, झोप नाहीये" इतकं मोघम तो आपल्या डोळ्यांनी बघितलेलं सांगू शकतो. मी शाळेत असताना हेच वेगळ्या रूपात अनुभवलंय, एकाच मुलाचा मी वर्गशिक्षक आणि कन्फेशन ऐकणारा दोन्ही, सकाळी त्याने मला काहीतरी सांगितलेलं आणि दुपारी मुख्याध्यापक त्याच गोष्टीची चौकशी माझ्यासमोर करतायत, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलोय. चेहराही बोलू द्यायचा नसतो. ती अर्ध्या तासाची मीटिंग मला दोन तासांची वाटली होती.

आता १९ मार्च १९४५. ओ'कॅलहन फ्रँकलिन नावाच्या विमानवाहू जहाजावर २ मार्चला चढले होते, म्हणजे अवघे सतरा दिवस झालेले. जहाजावर अडीच हजारांहून जास्त माणसं. मला नवीन वर्गातली साठ नावं पाठ व्हायला तीन आठवडे लागायचे, तर सतरा दिवसांत त्यांना किती नावं येत असतील याचा हिशोब करा. जहाज जपानच्या किनाऱ्यापासून साधारण ५० मैलांवर, इतकं जवळ तोपर्यंत दुसरं कुठलं अमेरिकन विमानवाहू जहाज गेलं नव्हतं. रात्रभर धोक्याचे इशारे होत राहिले, पोरं पुन्हा पुन्हा उठून आपापल्या जागेवर धावत होती, म्हणून सकाळी जरा ढील दिली गेली, खाऊन घ्या म्हणून. न्याहारीला रांगा लागल्या. डेकवर इंधन भरलेली, बॉम्ब-रॉकेट लावलेली विमानं उड्डाणाला तयार. सात वाजून काही मिनिटं झाली आणि एकच जपानी विमान ढगातून खाली आलं आणि दोन बॉम्ब टाकून गेलं.

दोनच बॉम्ब. पण त्या दोघांनी जहाजावरचाच सगळा दारूगोळा पेटवला, आणि मग कित्येक तास जहाज स्वतःच्याच बॉम्बनी, स्वतःच्याच रॉकेटनी फुटत राहिलं. रॉकेट सुटून डेकवरून आडवीतिडवी जात होती. इंजिनं बंद, रेडिओ बंद, जहाज १३ अंश कललेलं. नेव्हीने आधी ७२४ मृत धरले होते, नंतरच्या मोजणीत आकडा ८०० च्या वर गेला. आणखी शेकडो लोक स्फोटांनी समुद्रात फेकले गेले किंवा आग पाठीला लागल्यावर त्यांनी उड्या मारल्या.

ओ'कॅलहन त्या वेळी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नाश्त्याला बसले होते. तिथून धुराने भरलेल्या बोळांतून चाचपडत ते वर आले. हेल्मेटवर पांढरा क्रूस रंगवलेला होता, लांबून ओळखता यावा म्हणून. आणि खिशात तेलाची डबी.

ही डबी काय असते ते सांगतो. अंगठ्याएवढी, धातूची, झाकण फिरवून उघडायची. आत कापसाचा बोळा आणि त्यात जिरवलेलं ऑलिव्हचं तेल, बिशपनी आशीर्वाद दिलेलं. कापूस एवढ्यासाठी की तेल सांडू नये. अंगठा त्या बोळ्यावर दाबायचा आणि माणसाच्या कपाळावर क्रूसाची खूण करायची. त्या काळच्या विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे लावायचे आणि प्रत्येकाची वेगळी प्रार्थना, पण वेळच नसेल तर कपाळावर एकदा आणि एक छोटी प्रार्थना एवढंही पुरतं. हॉस्पिटलमध्ये माझ्या शर्टाच्या डाव्या खिशाला या डबीचा कायमचा तेलकट डाग असायचा, धोब्याने हात टेकले होते.

तर फोटो त्याच्याशी जोडलेला आहे. लोक म्हणतात की फादर मरणाऱ्या नाविकाला शेवटचा संस्कार देतायत. देत होते हे खरं. पण तो नाविक मेला नाही! जगला, पुढे कित्येक वर्षं जगला. मला या गोष्टीचं नवल वाटत नाही, कारण हा संस्कार मुळात मरणाऱ्यासाठी राखून ठेवलेला नाहीच, तो आजाऱ्यासाठी, जखमीसाठी आहे, बरं वाटावं हीसुद्धा त्यातली प्रार्थना असते. पण लोकांच्या मनात तेल म्हणजे संपलं असं इतकं घट्ट बसलंय की मी डबी घेऊन वॉर्डात शिरलो की नातेवाईक आधी रडायला लागायचे, एकदा एका आजोबांनी तर मला बघून डोळे वटारले आणि "फादर, अजून नाही" म्हणून चक्क हाकललं. ते आणखी चार वर्षं जगले, दर नाताळला मला त्यावरून चिडवायचे.

पुढचं काम तेलाचं नव्हतं. पदकासोबतच्या सन्मानपत्रात जे लिहिलंय त्यावरूनच बघा: जखमींची, मरणाऱ्यांची सेवा केली, कुठल्याही धर्माचा असो, आग विझवणाऱ्या टोळ्या जमवल्या आणि त्यांच्या पुढे होऊन आगीत शिरले, जिवंत दारूगोळा समुद्रात फेकायच्या कामावर उभे राहिले, कोठारात पाणी सोडायला लावलं, आणि कललेल्या डेकवर तापलेले बॉम्ब गडगडत होते ते थंड करायला स्वतः पाण्याचा पाइप धरला. छर्रा लागून जखमी झाले होते तरी. यातला दारूगोळ्याचा भाग मला सगळ्यात जास्त हलवतो, कारण तिथे आत शिरावं लागत होतं. तोफेच्या घुमटात, धुराने कोंदलेल्या अरुंद जागेत गरम झालेले गोळे होते, ते एकेक हातोहात बाहेर काढून समुद्रात टाकायचे. पोरं आत जायला कचरत होती, कोण नाही कचरणार. आधी फादर आत गेले. बंद जागेत जीव घुसमटणारे फादर. मग पोरं त्यांच्या मागून गेली.

हुकूम नव्हता हे लक्षात घ्या. त्यांच्याकडे हुकमाचा अधिकारच नव्हता, आणि सतरा दिवसांत ओळखीही फारशा झालेल्या नसणार. मग पोरं का गेली? इथे मी माझा एक छोटा प्रसंग सांगतो, त्याची बरोबरी करायला नाही, फक्त यंत्रणा कशी चालते ते कळावं म्हणून. एकदा मधल्या सुट्टीच्या आधी शॉर्टसर्किट होऊन आमच्या मजल्याच्या जिन्यात धूर भरला. छप्पन्न पोरं, नववीची. मी तेव्हा नवीन होतो, ओरडलो, आणि ओरडल्याबरोबर सगळी दाराकडे धावली. शेजारच्या वर्गात एक जुने सर होते, ते आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "पहिला बाक, उठा." बस्स. पहिला बाक उठला. दुसरा थांबला. सगळी पोरं चार मिनिटांत मैदानात. त्या दिवशी मला कळलं की घाबरलेल्या माणसाला भाषण नको असतं, मोठा आवाज तर अजिबात नको, त्याला हातभर अंतरावरचं पुढचं एक काम हवं असतं. हे धर. त्याला दे. आता तू. गणिताचा मास्तर दिवसभर दुसरं काय करतो, मोठं गणित बघून पोराचं धाबं दणाणलं की म्हणतो आधी फक्त कंस सोडव. ओ'कॅलहनच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं हे मला माहीत असण्याचं कारण नाही, पण पाइप धर, गोळा घे, पुढच्याला दे हे जे त्यांनी केलं ते मला ओळखीचं वाटतं.

आता टोचणारा प्रश्न, जो एकाने विचारलाच आहे, की धर्मगुरूने दारूगोळ्याला हात लावणं बरोबर का, जिनिव्हा करारात बसतं का. माझं मत, बसतं. गोळे शत्रूवर डागण्यासाठी हाताळले नाहीत, ते फुटून जहाजावरची माणसं मरू नयेत म्हणून समुद्रात टाकले. डॉक्टरने पेटलेल्या वॉर्डातून ऑक्सिजनचे सिलिंडर बाहेर ओढावेत तसं. हां, जहाज वाचलं म्हणजे लढाईचं साधन वाचलं असा कीस पाडणारे असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पाण्यात पडलेल्याला बाहेर काढतानाही तो उद्या काय करेल याची चौकशी करावी लागेल मग.

त्याच जहाजावर त्याच दिवशी डोनाल्ड गॅरी नावाचे लेफ्टनंट होते, त्यांनी खाली अडकलेल्या सुमारे तीनशे लोकांना अंधारातून वाट शोधून बाहेर काढलं, पदक त्यांनाही मिळालं, त्यांचं नाव फार कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. जहाज शेवटी बुडालं नाही. आधी दुसऱ्या जहाजाने ओढलं, मग स्वतःच्या ताकदीवर चाललं, आणि एप्रिलच्या अखेरीस न्यूयॉर्कला पोचलं. वाटेत दिवसेंदिवस प्रेतं काढणं आणि समुद्रात दफन करणं चाललं होतं. ओ'कॅलहन आणि जहाजावरचे दुसरे चॅपलेन, जे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे होते, यांचं खरं काम तेव्हा होतं असं मला वाटतं, ज्याला कुठलं पदक नसतं. कॅप्टनने मात्र जे पाण्यात पडले, जहाज सोडून गेले त्यांच्यावर पळाल्याचा ठपका ठेवायचा प्रयत्न केला आणि त्यावरून जहाजावरच्या लोकांत बरीच कटुता राहिली. शौर्यकथा सांगताना हा भाग गाळतात, गाळू नये.

ओ'कॅलहनना आधी नेव्ही क्रॉस हे नौदलाचं पदक देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. मग २३ जानेवारी १९४६ ला व्हाइट हाउसमध्ये प्रेसिडेंट ट्रूमननी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं ते सगळ्यात मोठं शौर्यपदक, दिलं, नौदलाच्या चॅपलेनला हे पदक मिळायची ती पहिली वेळ.

विचारणाऱ्याने हेही लिहिलंय की असे हे एकटेच का. नाही हो. आधीचे बघायचे तर फादर विल्यम कॉर्बी, नोत्र दाम युनिव्हर्सिटीचे शिक्षक. २ जुलै १८६३ ला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत आयरिश ब्रिगेड पुढे सरकायच्या आधी एका खडकावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना एकत्र पापक्षमा दिली, कारण एकेकाचं कन्फेशन ऐकायला वेळच नव्हता. युद्धानंतर दोनदा त्याच युनिव्हर्सिटीचे प्रमुख झाले. तिथे त्यांचा उजवा हात वर केलेला पुतळा आहे आणि पोरांनी त्याला अमेरिकन फुटबॉलमधल्या खुणेवरून टोपणनाव ठेवलंय, कारण तिथे झेल घेणारा खेळाडू असाच हात वर करतो. आपल्याकडे असता तर पोरं अंपायर म्हणाली असती. आणि नंतरचे म्हणजे फादर एमिल कापॉन, कॅन्ससच्या शेतकऱ्याचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते, परत जाऊन १९४८ ला शिक्षणशास्त्रात एमए केलं आणि परत सैन्यात. कोरियात जीपच्या बॉनेटवर मिस्सा करतानाचा फोटो त्यांचाच. नोव्हेंबर १९५० ला उनसानला निसटता येत असूनही जखमींजवळ थांबले आणि पकडले गेले, एका जखमी सार्जंटवर चिनी सैनिकाने रोखलेली बंदूक हाताने बाजूला सारली आणि त्या सार्जंटला उचलून चालायला लागले. कैदेत पत्रा ठोकून भांडी बनवली, त्यात पाणी उकळून लोकांना द्यायचे, पोरांच्या अंगावरच्या उवा काढायचे, धान्य चोरून आणायचे. २३ मे १९५१ ला छावणीतच गेले. पदक मिळालं २०१३ ला, अस्थींची ओळख पटली २०२१ ला. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, दोन ओळींत उरकायचा माणूस नाही तो.

ओ'कॅलहन १९४८ ला होली क्रॉसला परत आले आणि तत्त्वज्ञान शिकवायला लागले. मला हे फार आवडतं की पदक गळ्यात पडलेला माणूस भाषणं देत न फिरता वर्गात परत आला. पण लवकरच पक्षाघाताचा झटका आला आणि तब्येत कायमची खालावली. १९५६ ला फ्रँकलिनवरच्या दिवसांचं पुस्तक आलं. १८ मार्च १९६४ ला वारले, वय ५८, त्या सकाळला एकोणीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. कॉलेजच्याच आवारात जेझुइटांच्या दफनभूमीत पुरलंय, आणि तिथल्या सायन्स लायब्ररीला त्यांचं नाव दिलं गेलं.

नेव्हीनेही नाव दिलं, एका लढाऊ जहाजाला. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये ते पाण्यात सोडलं तेव्हा बाटली फोडायला त्यांची बहीण होती, सिस्टर रोज मेरी, मेरीनॉल संघाची नन, जिने स्वतः युद्धाची वर्षं फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत काढली होती. अमेरिकन नेव्हीच्या जहाजाला ननने नाव द्यायची तोवर पद्धतच नव्हती, ती पहिली.